'तुडतुडा' म्हणजे नेमका कोणता? : भातावरील एका कीटकाची ओळख व वर्गीकरण

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी अनेकांचे गावाशी व शेतीशी नाते आजही टिकून आहे. कोणाचे आईवडील, कोणाचे भाऊ कोकणात भात लावतात, तर कोणाचे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान रोवतात. भादवा-आश्विनात गावाकडून निरोप येतो, "पिकावर तुडतुडा पडला." हा निरोप ऐकून शहरातला शिकलेला मुलगा औषधाच्या दुकानात जातो, दुकानदार जे देईल ते गावाला पाठवितो, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच निरोप येतो. पैसा गेला, पीकही गेले. असे का होते, याचे एक महत्त्वाचे कारण आम्ही या लेखात मांडणार आहोत. ते कारण असे की, 'तुडतुडा' हे एका किडीचे नाव नाही. उडी मारणाऱ्या अनेक बारीक किडींना आपण एकाच नावाने हाक मारतो. शत्रू कोण हे न ओळखता केलेली लढाई बहुधा आपल्याच माणसांवर उलटते. भाताच्या शेतातही नेमके तेच घडते.

प्रस्तुत लेखात आम्ही एकाच कीटकाचे उदाहरण घेतले आहे. मराठीत त्याला तपकिरी तुडतुडा म्हणतात. शास्त्रीय नाव 'निलापर्वता लुजेन्स'. आशिया खंडातील भातपिकाचा हा एक प्रमुख शत्रू होय. विद्यार्थी मित्रांना वर्गीकरण हा विषय पाठांतराचा व रुक्ष वाटतो. तो तसा नाही, हेही या निमित्ताने दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कीटकाची जीवनपद्धती

तपकिरी तुडतुडा आकाराने अगदी लहान असतो. लांब पंखांचा प्रौढ कीटक पंखांसह 4 ते 5 मिलिमीटर भरतो, तर आखूड पंखांचा त्याहून लहान असतो. तो पानावर सहसा बसत नाही. चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, जेथे सावली व ओलावा असतो तेथे तो राहतो. त्यामुळे बांधावर उभे राहून शेत पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. चूड हाताने बाजूला करून किंवा हलकेच थोपटून खाली पाहिले तरच तो दिसतो.

त्याचे तोंड म्हणजे एक बारीक सोंड. ती तो रोपात खुपसतो आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांतून रस शोषतो. या रसात साखर भरपूर, पण नत्रयुक्त द्रव्ये कमी. म्हणून त्याला खूप रस प्यावा लागतो आणि जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. या चिकट थेंबांवर काळी बुरशी वाढते. बुंधे काळपट व चिकट दिसू लागले की खाली तुडतुडे आहेत असे समजावे.

मादी पर्णकोषात, म्हणजे पानाच्या खोडाभोवती गुंडाळलेल्या भागात, चीर पाडून आत ओळीने अंडी घालते. अंड्यांचा आकार केळ्यासारखा असतो. एक मादी आयुष्यात दोन-तीनशे अंडी घालू शकते. सात ते नऊ दिवसांत पिले बाहेर पडतात, पाच वेळा कात टाकतात आणि सुमारे दोन आठवड्यांत प्रौढ होतात. म्हणजे उष्ण हवेत महिन्याभरात एक पिढी पुरी होते. एका हंगामात अशा तीन-चार पिढ्या झाल्या, तर थोड्यांचे किती होतात याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा.

संख्या वाढली की शेतात गोल चट्टे दिसू लागतात. आधी पिवळे, मग तपकिरी, मग वाळलेले. जणू कोणी शेताच्या मध्ये विस्तव ठेवला आहे. हे चट्टे बाहेरच्या बाजूने वाढत जातात व एकमेकांत मिसळतात. अनेक शेतकरी याला करपा समजून बुरशीनाशक मारतात, तर कोणी पाणी कमी पडले समजून आणखी पाणी भरतात. करप्याचे ठिपके पानावर, मध्ये रुंद व दोन्ही टोकांना निमुळते असतात. तुडतुड्याचे चट्टे सबंध चुडांचे असतात आणि बुंध्याशी कीड सापडते. ओळख पटविण्याची ही पहिली पायरी होय, आणि तिला भिंगसुद्धा लागत नाही.

भिंगाखालील ओळख

आता पुढच्या पायऱ्यांसाठी एक साधे दहापट मोठे दाखविणारे भिंग पुरे. ओळखीचे काम मोठ्या गटाकडून लहान गटाकडे जाते. टपाल जसे आधी जिल्ह्याला, मग तालुक्याला, मग गावाला व शेवटी घराला पोहोचते, तसेच हे आहे.

पहिला प्रश्न, हा कीटक कोणत्या गणातला? सहा पाय व रस शोषणारी सोंड आहे, म्हणून तो हेमिप्टेरा गणात येतो. ढेकूण, मावा, पांढरी माशी ही सारी मंडळी याच गणातील.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हा तुडतुडा पानावरचा की बुंध्यावरचा? आपण ज्याला हिरवा तुडतुडा म्हणतो तो आणि तपकिरी तुडतुडा हे सख्खे भाऊ नाहीत, दूरचे नातेवाईक आहेत. हिरव्या तुडतुड्याच्या शृंगिका, म्हणजे मिशा, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात, जरा पुढे असतात. त्याच्या मागच्या पायाच्या नळीवर बारीक काट्यांच्या ओळीच्या ओळी असतात, जणू फणीच. तपकिरी तुडतुड्याच्या शृंगिका डोळ्यांच्या खाली, गालावर असल्यासारख्या असतात, आणि मागच्या पायाच्या नळीवर काटे मोजकेच असतात. हिरवा तुडतुडा सिकॅडेलिडी कुलातील, तर तपकिरी तुडतुडा फुलगोरॉइडिया या महाकुलातील होय.

तिसरा प्रश्न, या महाकुलातील कोणते कुल? मागच्या पायाच्या नळीच्या टोकाकडे पाहावे. कोंबड्याच्या पायाला मागे जसा काटा असतो, तसा येथे एक मोठा, हलणारा काटा दिसतो. हा काटा दिसला की कीटक डेल्फॅसिडी कुलातील आहे, याविषयी शंका उरत नाही. जगात या कुलाच्या 2000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुसंख्य गवतांवर व गवताच्या नातेवाइकांवर जगतात. भात, ऊस, मका ही सारी गवतेच असल्यामुळे या कुलाचा आणि माणसाच्या पोटाचा संबंध जवळचा आहे.

चौथा प्रश्न, प्रजाती कोणती? भातावर डेल्फॅसिडी कुलातील एकच कीटक येत नाही. पांढऱ्या पाठीचा तुडतुडा, 'सोगॅटेला फर्सिफेरा', हाही येतो. हंगेरीचे शास्त्रज्ञ होर्वाथ यांनी 1899 साली त्याचे वर्णन केले. त्याच्या पाठीवर, पंखांच्या मुळांच्या मध्ये, पांढरा पट्टा असतो. तपकिरी तुडतुड्याला तो नसतो. परंतु रंगावर फार विसंबू नये. नुकतीच कात टाकलेला कीटक फिकट असतो, पुढे तो गडद होतो. अधिक भरवशाची खूण मागच्या पावलाच्या पहिल्या सांध्यावर आहे. निलापर्वता प्रजातीत या सांध्याच्या कडेला एक किंवा अधिक बारीक काटे असतात. सोगॅटेलात ते नसतात. ही खूण पाहण्यास साध्या भिंगापेक्षा सूक्ष्मदर्शक बरा.

पाचवा प्रश्न, जाती कोणती? निलापर्वता प्रजातीतही एकाहून अधिक जाती आहेत. 'बेकेरी' व 'म्युइरी' या जाती बाहेरून जवळजवळ लुजेन्ससारख्याच दिसतात, पण त्या लीर्सिया नावाच्या रानगवतावर राहतात. येथे रंग, आकार, काटे सारे अपुरे पडते. तज्ज्ञ मग नराच्या पोटाचे शेवटचे टोक वेगळे काढतात, ते पोटॅशच्या सौम्य द्रावणात मऊ करतात, ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांचा आकार पाहतात. प्रत्येक जातीत तो ठरावीक असतो.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. एकाच शेतात लांब पंखांचे व आखूड पंखांचे तपकिरी तुडतुडे एकत्र सापडतात. ते दोन निरनिराळे कीटक नव्हेत. लांब पंखांचे दुरून उडत येतात व वस्ती करतात. त्यांच्या संततीत, अन्न मुबलक असताना, आखूड पंखांच्या माद्या निपजतात. त्या उडत नाहीत, परंतु अंडी भरपूर घालतात. पीक वाळू लागले व गर्दी झाली की पुन्हा लांब पंखांचे निपजतात व दुसरीकडे जातात. पिलू लांब पंखांचे होणार की आखूड पंखांचे, हे ठरविण्यात शरीरातील इन्सुलिनशी संबंधित दोन ग्राहकांचा हात असतो, असे चिनी शास्त्रज्ञांनी 2015 साली दाखवून दिले. केवळ पंखांच्या लांबीवरून वेगळी जाती मानणे चुकीचे ठरते, ते यामुळेच.

नावाची कहाणी

1854 साली स्वीडनचे कार्ल स्टोल यांनी जावा बेटावरून आलेल्या नमुन्यावरून या कीटकाचे वर्णन केले व त्याला 'डेल्फॅक्स लुजेन्स' असे नाव दिले. 'लुजेन्स' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'शोक करणारा' असा आहे. त्यानंतर 52 वर्षांनी, 1906 साली, 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत डिस्टंट यांनी श्रीलंकेतील एका कीटकासाठी नवी प्रजाती स्थापन केली आणि तिला 'निलापर्वता' असे नाव दिले. हे नाव आपल्या कानाला परके वाटत नाही. 'नील' आणि 'पर्वत' हे शब्द त्यात सरळ ऐकू येतात. त्या जातीला त्यांनी 'ग्रीनी' म्हटले. ग्रीन हे त्या काळी श्रीलंकेतील कीटकशास्त्रज्ञ होते.

पुढे नमुन्यांची तुलना झाल्यावर असे आढळले की, डिस्टंट यांची ग्रीनी आणि स्टोल यांची लुजेन्स ही एकच जाती आहे. मग नाव कोणते ठेवायचे? प्राणिशास्त्राचा नियम असा की, ज्याने आधी रीतसर वर्णन केले त्याचे नाव टिकते. म्हणून जातीचे नाव 'लुजेन्स' राहिले. परंतु हा कीटक डेल्फॅक्स प्रजातीत बसत नव्हता. त्या गटासाठी 'निलापर्वता' हे प्रजातीचे नाव उपलब्ध होते, ते कायम झाले. आज पूर्ण नाव लिहिताना 'स्टोल, 1854' हे कंसात लिहितात. हा कंस म्हणजे खूण आहे की, मूळ वर्णन करणाऱ्याने हा कीटक वेगळ्या प्रजातीत ठेवला होता, नंतर त्याचे घर बदलले. एवढ्याशा कंसात दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास सामावला आहे.

'जाती' या शब्दाविषयी दोन वाक्ये येथे लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. जीवशास्त्रात जाती म्हणजे आपापसांत संकर होऊन प्रजननक्षम संतती होणारा आणि इतर गटांपासून निसर्गतः वेगळा राहणारा समूह. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी गवते, झाडे, कीटक, मुंग्या, चतुष्पाद, मासे व पक्षी यांच्यात जन्मजात वेगळ्या खुणा दिसतात असे सांगून, माणसामाणसांत मात्र अशा खुणा नाहीत, असे प्रतिपादन केले आहे. आजचे जीवशास्त्रही साऱ्या मानवांना एकच जाती मानते. हा शब्द शास्त्राच्या पुस्तकात वाचताना विद्यार्थ्यांनी हा भेद मनात ठेवावा.

जेथे डोळेही अपुरे पडतात

फिलिपाइन्समध्ये शेतालगतच्या लीर्सिया हेक्झांड्रा या गवतावर हुबेहूब तपकिरी तुडतुड्यासारखे कीटक सापडत. हे भातावरचेच कीटक आहेत आणि ते गवतावरून भातावर येतात काय, असा प्रश्न उभा राहिला. शरीराच्या रचनेवरून उत्तर मिळेना. वेल्समधील कार्डिफ येथील क्लॅरिज व त्यांचे सहकारी यांनी वेगळी वाट धरली. तुडतुड्याचे नर व मादी पोट हलवून रोपाच्या खोडातून कंपने पाठवितात आणि एकमेकांना साद-प्रतिसाद देतात. ही साद आपल्या कानांना ऐकू येत नाही, ती यंत्राने टिपावी लागते. भातावरच्या व गवतावरच्या कीटकांच्या सादेची लय वेगवेगळी निघाली. निवड करण्यास वाव दिला की ते आपापल्याच गटात जोडी जमवीत. 1985 साली या शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की, हे दोन वेगळ्या जीवशास्त्रीय जातींचे कीटक आहेत. दिसायला एक, पण वंशाने वेगळे.

वर्गीकरणाच्या गोंधळाचे दुसरे उदाहरण अधिक महाग पडले. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1973 साली आय.आर. 26 हे तपकिरी तुडतुड्याला दाद न देणारे वाण दिले. दोन-तीन वर्षांतच हे वाण त्याला बळी पडू लागले. 1976 साली आय.आर. 36 आले. मग तुडतुड्याचे 'बायोटाइप एक', 'बायोटाइप दोन' असे क्रमांक पाडण्यात आले, जणू त्या निरनिराळ्या उपजातीच. क्लॅरिज व डेन होलँडर यांनी 1980 साली दाखविले की, हे काटेकोर वेगळे गट नव्हेत. एकाच जातीत माणसामाणसाप्रमाणे कीटकाकीटकात फरक असतो, आणि एकच वाण सर्वत्र लावले की ते पचवू शकणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते. भारतातील तुडतुडे तर आय.आर. 26 वर सुरुवातीपासूनच जगत होते. याउलट केरळातील पट्टांबीचे पी.टी.बी. 33 हे वाण अनेक देशांतील तुडतुड्यांना तोंड देणारे ठरले व वाण-संशोधकांना फार उपयोगी पडले. जुनी वाणे जपून ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

ओळखीवर काय अवलंबून आहे?

हा कीटक कोणाला किती महाग पडला हे इतिहासात नमूद आहे. जपानमध्ये 1732 सालचा मोठा दुष्काळ तुडतुड्यांमुळे पडला असे मानले जाते. केरळात कुट्टनाडच्या भातशेतीत 1973-74 साली त्याने मोठी हानी केली. हा कीटक जपानात हिवाळा काढू शकत नाही, तरी दरवर्षी तेथे येतो. 1967 च्या जुलैत जपानच्या दक्षिणेस भर समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे 500 किलोमीटरवर, हवामान-निरीक्षणाच्या जहाजावर तुडतुड्यांचे थवे उतरले, तेव्हा ते वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडतात हे उघड झाले.

हिरवा तुडतुडा टुंग्रो रोगाचा विषाणू पसरवितो. तपकिरी तुडतुडा खुजेपणा आणणारे वेगळे विषाणू पसरवितो व स्वतः रस शोषूनही पीक वाळवितो. एक वर पानावर, दुसरा खाली बुंध्याशी. पानावर मारलेले औषध बुंध्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पर्णकोषातील अंड्यांना तर ते स्पर्शही करीत नाही. ते मारते ते कोळ्यांना आणि एका लहान मिरिड ढेकणाला. हा ढेकूण हिरवा-काळा असून तुडतुड्यांमध्येच वावरतो, म्हणून अनेकजण त्यालाही कीड समजतात. वस्तुतः तो तुडतुड्याची अंडी शोषून संपवितो. त्याची सोंड व लांब, बारीक मिशा भिंगाखाली पाहिल्या तर तो तुडतुडा नाही हे लगेच कळते. हे मित्र मेले की अंड्यांतून निघालेल्या पिलांना रान मोकळे मिळते, आणि फवारणीनंतर कीड पूर्वीपेक्षा वाढते. याच अनुभवामुळे इंडोनेशियाच्या सरकारने 1986 साली भातावर 57 कीटकनाशके वापरण्यास बंदी घातली व शेतकऱ्यांना किडी आणि मित्रकीटक ओळखण्यास शिकविण्यावर भर दिला.

म्हणून गावाकडून निरोप आला तर आमच्या सभासदांनी आधी पुढील गोष्टी विचाराव्यात. कीड पानावर आहे की बुंध्याशी? रंग हिरवा की तपकिरी? पाठीवर पांढरा पट्टा आहे काय? दहा-वीस ठिकाणचे चूड पाहून एका चुडामागे किती कीटक आहेत? त्यांच्यात कोळी व मिरिड ढेकूण किती आहेत? युरिया जास्त पडला आहे काय? नत्र जास्त झाले की तुडतुडा अधिक फोफावतो. लावणी फार दाट आहे काय? शेतातील पाणी काही दिवस काढून टाकता येईल काय? ही उत्तरे मिळाल्यावर जवळच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा भात संशोधन केंद्राच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. औषध मारावेच लागले तर ते त्यांच्या शिफारशीप्रमाणे, बुंध्यावर पडेल अशा रीतीने मारावे.

विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा एक भिंग व झाकणाची लहान बाटली बरोबर न्यावी. बाटलीत थोडे अल्कोहोल घालून त्यात पाच-सहा कीटक ठेवावे. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, त्यावर गाव, तारीख, पीक व गोळा करणाऱ्याचे नाव असावे. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते. चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे पत्त्यावाचून पत्र. मग मिशा कोठे आहेत, काटा हलतो काय, पाठ पांढरी की तपकिरी, हे स्वतः पाहावे व घरच्यांनाही दाखवावे. वर्षभर राबून पिकविलेल्या धानावर औषधाची बाटली उघडण्यापूर्वी भिंग हातात घेणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी प्रत्येक घरात असावी, अशी आमची इच्छा आहे.